सिंगापूरला बारा तास: आई-बाबांनी विमानतळाबाहेर पडावं का?

प्रश्न असा आहे. आई-बाबा (वय ६४ आणि ६९) मुंबईहून मेलबर्नला लेकीकडे निघालेत. सिंगापूरला सकाळी ७:५० ला उतरतात, पुढचं विमान संध्याकाळी ७:४० ला. दोन्ही टप्प्यांचं तिकीट एकच, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा अनेक वेळा ये-जा करण्याचा. बाबांचे गुडघे कुरकुरतात, इंग्रजी दोघांनाही कामापुरतं येतं. त्यांनी दिवसभर विमानतळावर थांबावं की शहर बघावं? लेकीने चौदा ठिकाणांची यादी करून ठेवली आहे, तीत सेंटोसा बेटही आहे.

बाहेर पडू द्या. यादी मात्र फाडा.

मी सहली नेण्याच्या आणि तिकिटं काढून देण्याच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, आणि परदेशी मुलांकडे निघालेले आई-बाप हे माझं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांना थकवा येतो तो चालण्याने कमी आणि ‘आता पुढे काय, वेळेत पोचू ना’ या धाकधुकीने जास्त. चौदा ठिकाणं म्हणजे चौदा वेळा ती धाकधूक. म्हणून शहराचा एकच कोपरा निवडायचा, तिथे निवांत हिंडायचं, जेवायचं आणि परत यायचं. आणि दिवसाचा हिशेब सकाळपासून पुढे न मांडता संध्याकाळच्या विमानापासून मागे मांडायचा.

तो हिशेब आधी करू. विमान ७:४० ला. साडेसहाला तुम्ही गेटच्या आसपास हवेत. त्याच्या आधी अडीच-तीन तास विश्रांतीचे धरा, ते का ते पुढे सांगतो. म्हणजे साडेतीनला इमिग्रेशन करून परत आत. त्याआधी तासभर विमानतळाला लागूनच असलेल्या ज्वेल या मॉलमध्ये. म्हणजे शहरातून निघायचं दीडला, फार तर पावणेदोनला. आता पुढची बाजू. ७:५० ला विमान टेकतं, दार उघडून माणसं उतरेपर्यंत सव्वाआठ. तोंड धुणं, कपडे बदलणं, इमिग्रेशन हे धरून नऊ वाजतात. चहा-नाश्ता आणि मेट्रो करून शहरात पाय ठेवायला सव्वादहा. म्हणजे बारा तासांतले शहरासाठी उरले साडेतीन तास. तरुण पोरगा असता तर त्याला सहा मिळाले असते. तुमच्या आई-बाबांना साडेतीनच द्या.

विश्रांतीवर एवढा जोर का, तर त्यांच्या दोन रात्री लागोपाठ विमानात जाणार आहेत. मुंबईहून रात्रीचं विमान, साडेपाच तासांच्या आसपास. त्यात जेवण, दिवे लावणं, दिवे मालवणं धरलं तर झोप जेमतेम तीन तास. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून उतरताना तिथे आठ वाजले तरी शरीराच्या लेखी पहाटेचे साडेपाचसुद्धा वाजलेले नसतात. संध्याकाळच्या विमानातून मेलबर्नला उतरतील तेव्हा पुन्हा पहाट, आणि मग तुम्ही ‘आई, किती थकल्यासारखी दिसतेस’ म्हणणार. ट्रान्झिट हॉटेल हे माझ्या मते अशा प्रवासातलं सगळ्यात चांगलं वसूल होणारं खर्चाचं कलम आहे. चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, इमिग्रेशनच्या आतल्या भागात तासांच्या हिशेबाने खोल्या मिळतात. ऐन वेळी मिळतीलच असं नाही, आधी बुक करा. बुक करताना खोली कोणत्या टर्मिनलमध्ये आहे आणि ती आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे नीट वाचा. काहीजण सकाळी उतरल्या उतरल्या झोपायचं ठरवतात. ते नको. सकाळी झोपलं की अकराला जड डोक्याने उठतात, बाहेर ऊन तापलेलं असतं आणि मग ‘राहू दे ना, इथंच बसू’ सुरू होतं. सकाळी फक्त अंघोळ, झोप दुपारी. चांगीत पैसे देऊन शॉवर वापरता येतात, टॉवेल-साबण तिथेच मिळतो. अंघोळ झाली की आपल्या माणसांचा निम्मा प्रवास उतरतो.

आता कागदपत्रं. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. पण तिसऱ्या देशात जाता-येता थांबणाऱ्या भारतीयांना ९६ तासांची व्हिसामुक्त सोय आहे. अट अशी की अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्या देशाचा चालू व्हिसा हवा, त्याची मुदत सिंगापुरात शिरण्याच्या दिवसापासून किमान महिनाभर हवी आणि ९६ तासांच्या आत बाहेर जाण्याचं पक्कं तिकीट हवं. तुमच्या आई-बाबांचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असल्याने ते यात बसतात. मात्र हा हक्क नव्हे, सवलत आहे; अंतिम निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, म्हणून मंजुरीचं पत्र छापून दोघांच्या पासपोर्टमध्ये ठेवा. ‘मोबाइलमध्ये आहे’ हे उत्तर चार्ज संपलेल्या मोबाइलबरोबर काउंटरवर द्यावं लागू नये. ज्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे त्यांच्यासाठी परतीच्या टप्प्याचे नियम वेगळे आहेत, त्यांनी सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयसीएच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावं. तुम्हीही निघायच्या आठवड्यात तिथे एकदा नजर टाका. हे नियम बदलतात आणि दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचा अनुभव काउंटरवर चालत नाही.

दुसरं, एसजी अरायव्हल कार्ड. पोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं हुबेहूब सरकारी दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. जे इमिग्रेशन ओलांडून बाहेर जाणारच नाहीत त्यांना हे कार्ड लागत नाही. त्यात ई-मेल तुमचा द्या, बाबांचा नको. सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, प्रवेशाचा पास ई-मेलवर येतो. शिक्का नाही म्हणून पुष्कळ ज्येष्ठ मंडळी परत फिरून अधिकाऱ्याकडे जातात. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की शिक्का नसतो.

मोठ्या बॅगा मुंबईहून थेट मेलबर्नला जाऊ द्या. मुंबईला बॅगेवर जी चिठ्ठी लावतात तिच्यावर मेलबर्नची अक्षरं एमईएल आहेत ना ते बघायचं, आणि दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास तिथेच मागून घ्यायचे. दुसरा पास हातात असला की दुपारी आत शिरणं सोपं होतं. हे सगळं एका तिकिटावर असतं म्हणून. दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढून जोडली असतील तर गोष्टच निराळी: इमिग्रेशन करा, पट्ट्यावरून बॅगा घ्या, पुन्हा चेक-इन करा, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. ज्येष्ठांसाठी असं तिकीट मी काढून देत नाही.

जाता जाता, हीच सवलत सगळीकडे असते असं धरू नका. अमेरिकेचा व्हिसा हातात आहे म्हणून फ्रँकफर्ट किंवा अ‍ॅमस्टरडॅमला बाहेर फेरफटका मारता येईल असं अनेकांना वाटतं. येत नाही. तिथे शहरात पाऊल टाकायला युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला शेंगेन व्हिसाच लागतो, मग थांबा वीस तासांचा का असेना.

व्हीलचेअरचं एक सांगायला हवं, कारण आपल्याकडे गुडघ्यांपेक्षा भाषेच्या भीतीने व्हीलचेअर लावली जाते. त्यात वाईट काही नाही. पण ती लावली की उतरल्यावर मदतनीस तुम्हाला घेऊन जातो आणि आतल्या प्रतीक्षेच्या जागी बसवतो. तुम्ही बाहेर जाणार आहात हे त्याला माहीत नसतं, आणि आपली माणसं भिडेखातर बोलत नाहीत. बसून राहतात, बारा तास. तेव्हा विमानाच्या दारातच ‘आम्ही शहरात जाणार, आम्हाला इमिग्रेशनपर्यंत सोडा’ हे सांगायचं. हे वाक्य इंग्रजीत कागदावर लिहून द्या. मदत टप्प्यागणिक मागता येते, त्यामुळे फक्त मुंबईला आणि मेलबर्नला घेतली तरी चालतं. चांगीत लांब अंतरांवर सरकते पट्टे आहेत आणि टर्मिनल १, २ व ३ यांच्यामध्ये स्कायट्रेन फुकट आहे. टर्मिनल ४ मात्र वेगळं पडतं, तिथे बसने जावं लागतं.

खिसे आणि पर्सही तपासा. च्युइंग गम, ई-सिगारेट आणि तंबाखू-गुटख्याच्या पुड्या यांना सिंगापुरात बंदी आहे. बाबांना जेवणानंतर चिमूटभर लागत असेल तर ती डबी मुंबईतच राहू द्या. सिगारेटवर शुल्कमुक्त सूट अजिबात नाही, एक पाकीट असलं तरी ते जाहीर करावं लागतं. औषधांतही झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या काही गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांना आधी परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकिटं बरोबर ठेवा, आणि असं एखादं औषध असेल तर बरेच दिवस आधी तिथल्या आरोग्य खात्याचे नियम बघा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, खाली जाणाऱ्या बॅगेत कधीही नाही. इन्सुलिन असेल तर दोन देशांची घड्याळं दाखवून डोसच्या वेळा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आता तो कोपरा कोणता? सिंगापुरात पहिल्यांदा उतरणारा मराठी माणूस मर्लायनचा पुतळा बघायला जातो, ठीक आहे. पण मी माझ्या लोकांना आधी त्याच्या अलीकडे, पाडांगवर नेतो. पाडांग म्हणजे जुन्या सरकारी इमारतींसमोरचं मोठं हिरवं मैदान. त्याच्या कडेला सिटी हॉल आहे. ५ जुलै १९४३ रोजी याच इमारतीच्या पायऱ्यांवरून नेताजी सुभाषचंद्र बोस आझाद हिंद सेनेपुढे बोलले आणि ‘चलो दिल्ली’ ही घोषणा इथे दिली गेली. आदल्याच दिवशी, ४ जुलैला, इथून जवळच्या कॅथे इमारतीत त्यांनी चळवळीची सूत्रं हाती घेतली होती. त्याच कॅथेत २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. त्या सरकारात सेनेचे प्रतिनिधी म्हणून जे अधिकारी होते त्यांत सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले होते. पुढे ते रत्नागिरीतून लोकसभेवर गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. कोकणातल्या कुणाला मी हे पाडांगवर उभं राहून सांगतो तेव्हा मर्लायनचा विषय दहा मिनिटं मागे पडतो.

मैदान ओलांडलं की समुद्राच्या बाजूला एस्प्लनेड पार्क आहे. तिथे झाडांखाली आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आहे. मूळ स्मारक नेताजींनीच उभारायला घेतलं होतं, ८ जुलै १९४५ ला त्याची पायाभरणी झाली. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश परतले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. १९९५ मध्ये सिंगापूरच्या वारसा खात्याने तिथे स्मृतिफलक लावला. फलक छोटा आहे, पुष्कळ पर्यटक त्याच्या शेजारून मर्लायनकडे निघून जातात. गंमत म्हणजे १२ सप्टेंबर १९४५ ला माउंटबॅटन यांनी जपान्यांची शरणागती स्वीकारली ती याच मैदानाकाठच्या सिटी हॉलमध्ये. दोन वर्षं आणि दोन महिन्यांच्या अंतराने एकाच इमारतीने दोन सैन्यांचे दोन क्षण पाहिले.

या भागाचा व्यवहारी फायदा असा की सगळं सपाट आणि पायी आहे. चांगी विमानतळावरून मेट्रो घ्यायची, दोन थांब्यांवर तानाह मेराहला उतरून शहराकडे जाणारी हिरवी लाइन पकडायची आणि सिटी हॉल स्टेशनला उतरायचं. एकूण चाळीसेक मिनिटं. तानाह मेराहला गाडी बदलताना फलाट कोणता ते विचारायला लाजू नये. लोक सांगतात, आणि हातात कागद असला तर बोट दाखवून सांगतात. तिकिटाची भानगड नाही, आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करता येणारं कार्ड फाटकावर लावायचं. परदेशात चालण्यासाठी ते बँकेतून आधी सुरू करून घ्या आणि एका माणसाला एक कार्ड, दोघांत एक चालत नाही. साडेनऊनंतर निघालं की सकाळच्या कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते, बाबांना बसायला जागा मिळते. स्टेशनांवर लिफ्ट आहेत. मेट्रोत खाणं-पिणं बंद आहे, पाण्याचा घोटसुद्धा, आणि दंड ५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आईच्या पर्समधल्या शेंगदाण्याच्या चिक्कीला मेलबर्नपर्यंत विश्रांती. तिथेही ती फॉर्मवर जाहीर करायची आहे, पण तो वेगळा विषय.

स्मृतिफलकाजवळून काटेरी फणसासारख्या छतांच्या एस्प्लनेड नाट्यगृहाकडे जा आणि ज्युबिली पुलावरून पलीकडे उतरा, की मर्लायन समोर. सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला हा पुतळा ८.६ मीटर उंच आहे. फोटोतल्या कल्पनेपेक्षा लहान वाटतो, तेव्हा ‘एवढाच?’ हे ऐकायची तयारी ठेवा. समोर तीन मनोऱ्यांवर जहाज ठेवल्यासारखं मरिना बे सॅंड्स दिसतं. त्याच्या वरच्या गच्चीवर जाण्याचा मोह टाळा. तिकीट आहे, रांग आहे, आणि खालून दिसतं ते पुरेसं आहे. हे साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरचं चालणं आहे. वाटेत पावसाने किंवा उन्हाने गाठलं तर पाडांगकाठची नॅशनल गॅलरी हाताशी आहे. जुनं सुप्रीम कोर्ट आणि सिटी हॉल जोडून २०१५ मध्ये ती सुरू झाली. चित्रांची दालनं तिकीट घेऊन बघायची, पण नुसतं आत शिरून गारव्यात टेकायला कुणी मनाई करत नाही. विषुववृत्त इथून अगदी जवळ, त्यामुळे ऋतू कुठलाही असो, मे महिन्यातल्या मुंबईसारखा घाम धरा आणि दुपारचा गडगडाटी पाऊस धरा. म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी उरकायचं. छत्री हवीच, सुती कपडे हवेत, आणि आतल्या एसीसाठी आईला एक शाल.

पावणेबाराला पुन्हा सिटी हॉल स्टेशन. एक थांबा धोबी घाट (स्टेशनचं नाव खरंच तेच आहे), तिथे गाडी बदलून आणखी एक थांबा, लिटल इंडिया. सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे, शुद्ध शाकाहारी. डोसा, थाळी, फिल्टर कॉफी. लोक म्हणतात सिंगापूरला जाऊन डोसा कशाला खायचा. पंचविशीतल्या माणसाला मीही हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत पाठवतो, तिथे शहराचं खरं जेवण आहे. पण आदल्या रात्री विमानातलं काहीतरी खाल्लेल्या आणि पुढच्या रात्री पुन्हा तेच खाणार असलेल्या शाकाहारी माणसाला मधे गरम भात-सांबार मिळालं की तो आनंदाने मेलबर्नला उतरतो. तुमचे आई-बाबा मासे-चिकन खात असतील तर बाजूच्याच टेक्का सेंटरमध्ये बिर्याणीचे स्टॉल आहेत, खाली मासळी-भाजीचा बाजार आहे, तो बघण्यासारखा आहे. स्थानिक चव घ्यायचीच असेल तर सकाळी विमानतळावर काया टोस्ट घ्या, नारळाच्या गोड जॅमचा. त्या जॅममध्ये अंडं असतं, हे वारकरी घरातल्यांना आधी सांगा.

दोन सावधगिऱ्या. या भागातली देवळं दुपारी बंद असतात. श्री वीरमाकालीअम्मनचं दर्शन हवंच असेल तर क्रम उलटा करा, आधी लिटल इंडिया, मग पाडांग. आणि मुस्तफा सेंटर. तिथे सोन्यापासून बामच्या बाटलीपर्यंत सगळं मिळतं आणि आत शिरलेली माणसं वेळेवर बाहेर येत नाहीत. माझ्या गटांतली जी माणसं हरवली ती जंगलात नव्हे, मुस्तफात. परतीच्या प्रवासात बघा म्हणावं.

परत विमानतळावर येताना मेट्रो नको, टॅक्सी घ्या. मीटरवर चालते, घासाघीस नाही, भाडं साधारण वीस ते चाळीस सिंगापुरी डॉलरच्या दरम्यान, वेळ अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. जेवल्यावर डोळे मिटायला लागलेले असतात, त्या वेळी जिने-फलाट शोधायला लावू नये. ड्रायव्हरला ‘ज्वेल, चांगी’ एवढं सांगितलं की झालं. येताना ईस्ट कोस्ट पार्कवेवरून आलात तर दुतर्फा रेन ट्रीची कमान लागते. विमानतळाजवळच्या सरळ पट्ट्यात मधल्या दुभाजकात झाडांऐवजी कुंड्या आहेत, कारण गरज पडली तर त्या हलवून रस्त्याची धावपट्टी करता यावी. बाबांना हे सांगा, ते झोपणार नाहीत.

ज्वेल शेवटी ठेवण्याला कारण आहे. ४० मीटर उंचीचा तो आतला धबधबा आपल्याला विमानतळाच्या फोटोंत दिसतो, म्हणून लोकांना वाटतं तो आत, गेटांच्या भागात आहे. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे. टर्मिनल १ ला चिकटून, २ आणि ३ ला पुलांनी जोडलेला. म्हणजे ज्यांना सिंगापुरात प्रवेश नाही त्यांना तो नीट बघता येत नाही, फार तर स्कायट्रेनमधून जाताना झलक. शिवाय सकाळी धबधबा चालू नसतो, अकराच्या सुमारास सुरू होतो. सकाळी उतरल्याबरोबर धावत गेलेले लोक कोरडा घुमट बघून येतात. आणि तिसरं, माझ्या दृष्टीने मुख्य: शहरात पाऊस, गर्दी, मुस्तफा, काहीही झालं तरी कापायला शेवटी काहीतरी हवं. ज्वेल बुडालं तर एक धबधबा बुडतो. ते सकाळी उरकून शहर शेवटी ठेवलं आणि उशीर झाला, तर विमानाच्या वेळेतून कापावं लागतं.

‘फुकट सिंगापूर टूर’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच. चांगी विमानतळ अडीच तासांची बसफेरी फुकट देतो, साडेपाच ते चोवीस तास थांबा असणाऱ्यांना. प्रवेशाची पात्रता तिथेही लागते. आधी ऑनलाइन नोंदणी करता येते, किंवा आतल्या काउंटरवर. त्यासाठी इमिग्रेशन आधी ओलांडायचं नाही, गट एकत्र नेतात. थांबा सहा-सात तासांचा असेल तर मी डोळे मिटून हीच सुचवतो, कारण परत आणण्याची जबाबदारी त्यांची. बारा तास असताना मात्र नको वाटते. बसमधून जास्त, पायांनी कमी, आणि जेवायला थांबत नाहीत. पण तुमच्या आईला एकट्याने मेट्रो बदलायची भीती वाटत असेल, तर सकाळची टूर, नंतर ज्वेलमध्ये जेवण आणि झोप, हा चांगला दुसरा पर्याय आहे.

आणि उतरल्यावर खरोखरच अंगात त्राण नसेल तर आतच राहू द्या, त्यात कमीपणा नाही. चांगीत आतल्या बाजूला फुकट पाय पसरायच्या खुर्च्या आहेत, बागा आहेत, सिनेमा आहे, पिण्याचं पाणी जागोजागी आहे. सहा तासांहून कमी थांबा असणाऱ्यांना मी बाहेर जाऊच देत नाही.

तुमच्याकडून त्यांना एक कागद लागेल, मोबाइलमधला मेसेज नव्हे. त्यावर: पुढच्या विमानाचा क्रमांक आणि वेळ सिंगापूरच्या घड्याळाप्रमाणे, टर्मिनल (ते सकाळी फलकावर बघून स्वतः लिहायचं, बदलू शकतं), ‘दीड वाजता टॅक्सी’ हे मोठ्या अक्षरात, स्टेशनांची नावं देवनागरीत आणि इंग्रजीत, तुमचा नंबर देशाच्या कोडसकट. एका दिवसाचं रोमिंग घ्या. विमानतळावर वाय-फाय फुकट आहे, पण अडचण येते ती रस्त्यात. सामान हातात फक्त एकेक छोटी पिशवी. जड असेल तर टर्मिनलवर पैसे देऊन ठेवायची सोय आहे, पण कागदपत्रं आणि औषधं तिथे ठेवायची नाहीत.

परतीच्या वेळी थांबा संध्याकाळचा मिळाला तर कोपरा बदला. मेट्रोने बेफ्रंट, तिथून गार्डन्स बाय द बे या बागेतली सुपरट्री, म्हणजे उंच कृत्रिम झाडं. बाहेरची बाग फुकट आहे आणि रोज ७:४५ आणि ८:४५ ला झाडांवर दिव्यांचा आणि संगीताचा कार्यक्रम असतो. पहिला बघायचा. साडेअकराच्या सुमारास विमानतळाची मेट्रो संपते आणि मध्यरात्रीनंतर टॅक्सीला दीडपट पडते.

शेवटची एक गोष्ट, कारण ती नेमकी घाईच्या वेळी आडवी येते. चांगीच्या टर्मिनल १, २, ३ मध्ये सामानाची तपासणी आत शिरताना होत नाही, थेट गेटवर होते. त्यामुळे दुकानं ओलांडून, निवांत पाणी भरून घेऊन गेटपाशी गेलात की ते पाणी तिथे ओतावं लागतं, कमरेचे पट्टे काढावे लागतात, आणि रांग असते. विमान सुटायच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी गेट बंद होतं. बाटली रिकामी न्यायची, तपासणीनंतर आत भरता आली तर भरायची, नाहीतर विमानात मागायची. खोलीत झोपणार असतील तर साडेपाचचा गजर दोघांच्याही फोनवर लावा, आणि तुम्ही पावणेसहाला मेलबर्नहून फोन करा. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेआठ, नाहीतर उन्हाळी वेळ चालू असेल तर पावणेनऊ वाजलेले असतील.